मालवणच्या किनाऱ्यावर कायमचे राहायला जाण्याविषयी

तळजाई

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणारे तिघे जण आहोत: मी, माझे यजमान आणि माझ्या सासूबाई. यजमान येत्या मार्चअखेर नोकरी सोडत आहेत, माझे भाषांतराचे काम घरूनच चालते आणि मुलगा शिक्षणासाठी बाहेर असल्यामुळे शाळा-कॉलेजचा प्रश्न उरलेला नाही. मालवण तालुक्यात, शक्यतो तारकर्ली-देवबाग पट्ट्यात, समुद्रापर्यंत पायी जाता येईल असे घर घ्यावे, वर दोन खोल्या काढून त्या पर्यटकांना द्याव्यात आणि त्यातून घरखर्चाला हातभार लागावा, असा विचार पक्का होत आला आहे. आमचे कोकणात मूळ घर नाही. यजमानांचे गाव सातारा जिल्ह्यातले असून तिकडच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे.

उन्हाळ्यात आम्ही त्या भागात अनेकदा राहिलो आहोत, त्यामुळे मे महिन्यातला समुद्र, मासे आणि गर्दी यांची चांगली ओळख आहे. पाहुण्याला जे दिसत नाही ते जाणून घ्यायचे आहे. जागा कोठे घ्यावी, कागदपत्रांत काय पाहावे, सासूबाईंना मधुमेह व रक्तदाब असल्यामुळे दवाखान्याची सोय कितपत आहे आणि दोन खोल्यांचे उत्पन्न हिशेबात धरावे की नाही, यांवर माहितगारांनी लिहावे ही विनंती. ‘येवा, कोकण आपलाच असा’ ही पाटी आम्ही वाचलेली आहे, तेव्हा ती कृपया पुन्हा दाखवू नये.

मांगरातला

तुमच्या चार प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर नीट मिळाले की उरलेल्या तिन्हींची उत्तरे बरीचशी आपोआप ठरतात, म्हणून मी जागेवरच लिहितो. मी आचऱ्याच्या बाजूला वडिलोपार्जित घरात राहतो. नोकरी डोंबिवलीत झाली, आता मुक्काम कायमचा इकडे आहे.

मालवण तालुक्यातली किनाऱ्याची वस्ती आणि आतली वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर, पूर्वी मच्छीमारांची घरे, होड्यांच्या खोपी आणि माडांच्या बागा असत. शेती करणारे लोक मात्र मळ्याच्या कडेला, भरडाच्या (उंचावरच्या खडकाळ जमिनीच्या) पायथ्याशी, पुराचे पाणी चढणार नाही आणि वारा थेट अंगावर येणार नाही अशा जागी घरे बांधत. ही निवड त्यांनी उगाच केलेली नव्हती. आज पुळणीवरच्या जवळजवळ प्रत्येक घरात भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत आणि त्या पट्ट्याचे सगळे वेळापत्रक सीझनने ठरते. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरग लागला की त्या रस्त्यावरच्या पाट्यांवर प्लास्टिक चढते, खानावळींच्या चुली विझतात आणि कामाला आणलेली माणसे आपापल्या गावी जातात. तुम्ही पाहिलेले तारकर्ली आणि जुलैतले तारकर्ली यांत नावाखेरीज फारसे काही सारखे नाही.

म्हणून माझे मत असे आहे की घर तिथे घ्यावे जिथे गाव बारा महिने जागे असते. ते ओळखायला फार शोध घ्यावा लागत नाही. पिठाची गिरण रोज चालते का, रेशनचे दुकान आणि दुधाचे संकलन गावात आहे का, प्राथमिक शाळेत मुले शिल्लक आहेत का, एकादशीला देवळात भजन होते का आणि रात्री वस्तीची एसटी येते का, एवढे पाहिले तरी पुरे. वस्तीची गाडी येते म्हणजे सकाळी तालुक्याला जाणारी माणसे त्या गावात अजून आहेत. आचरा, चिंदर, मसुरे, कट्टा, चौके, कुंभारमाठ ही अशी गावे आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही गावातून समुद्र गाडीने फार लांब नाही.

ही काळजी अनाठायी वाटत असेल तर जनगणना पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यात माणसे वाढण्याऐवजी घटली. पर्यटक येतात आणि जातात, पण शेजारी लागतो तो सप्टेंबरात, घरावर माड पडल्यावर.

एक अवांतर, तरीही उपयोगाचे. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव, जातधर्म न पाहता, गुरेढोरे आणि कोंबड्या घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या घालून राहतो. नव्याने घर घेतलेले काही जण त्या वेळी सुट्टी समजून मुंबईला निघून जातात. माझे म्हणणे आहे की त्यांनी राहुटी घालावी. त्या तीन रात्रींत जितक्या ओळखी होतात तितक्या एरवी दोन-चार पावसाळ्यांतही होत नाहीत.

सातबारा_वाचक

महसूल खात्यात बराच काळ काढल्यामुळे फक्त कागदांपुरते लिहितो.

यजमानांचे नाव सातारा जिल्ह्यातल्या सातबाऱ्यावर आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. खरेदीखत यजमानांच्या नावे व्हावे आणि त्यांचा शेतकरी असल्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. हा मुद्दा तुमच्या बाबतीत महत्त्वाचा अशासाठी की कोकणातली बरीच घरे गावठाणात नसून शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरच उभी आहेत. विकणारा ‘घर घ्या’ म्हणतो तेव्हा कागदावर पुष्कळदा तो शेतजमीनच विकत असतो.

सातबारा वाचताना मालकाच्या नावावर नजर जाते आणि लोक तिथेच थांबतात. इकडच्या सातबाऱ्यावर दहा-वीस सामाईक नावे असणे नेहमीचे आहे, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत आणि काही हयात नसतात, बहिणींची नावे कधी लागलेलीच नसतात. तुमच्याशी बोलणारा सहहिस्सेदार कितीही सज्जन असला तरी इतरांच्या सह्या किंवा नोंदवलेली हक्कसोडपत्रे असल्याशिवाय तो स्वतःच्या अविभक्त हिश्शाखेरीज काही विकू शकत नाही. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, देवस्थान इनामाची अट, खासगी वनाची नोंद, हे सगळे तिथे असते. जमीन वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी अट असलेली, असेल तर परवानगीशिवाय व्यवहाराचा विचारही करू नये. प्रत्येक फेरफार क्रमांक उलगडून पाहावा आणि तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा.

ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा दाखवून कोणी मालकी सांगू लागला तर तो उतारा कर आकारणीसाठी असतो, मालकी त्याने सिद्ध होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून तिचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हातात आल्याखेरीज इसाऱ्यापलीकडे रक्कम देऊ नये. आणि कोकणापुरती खास गोष्ट म्हणजे जमीन एकाची, तिच्यातले माड किंवा कलमे दुसऱ्याची, विहिरीत तिसऱ्याचा हिस्सा आणि खळ्यातून, म्हणजे अंगणातून, चौथ्याची वहिवाटीची पाणंद (वाट), असा प्रकार अजूनही आढळतो. हे सर्व कागदावर असेलच असे नाही, त्यामुळे आजूबाजूच्या चार घरी बसून विचारावे.

आता सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला सामान्यतः मनाई आहे. २०१९ च्या अधिसूचनेत हे अंतर ५० मीटरांवर आणले गेले, पण ते २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक वस्ती असलेल्या गावांसाठी. खाडीच्या काठाला वेगळे अंतर लागते. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे, त्यामुळे तिथली बहुतेक जमीन कोणत्या ना कोणत्या बाजूने या नियमांत येते. जुने घर दुरुस्त करणे आणि त्यावर दोन भाड्याच्या खोल्या चढवणे या कायद्याच्या नजरेत निराळ्या गोष्टी आहेत. ‘सगळ्यांनी बांधले आहे’ हे उत्तर तुम्हाला प्रत्येक जण देईल. नोटीस आल्यावर ते कोणाच्याच कामी येत नाही.

संगमावरची

मी देवबागची आहे, खोल्या चालवते आणि बारा महिने इथेच राहते, त्यामुळे मांगरातला यांचे सगळे पटते असे नाही. जुलैत आमचा रस्ता ओसाड असतो हे खरे, पण आम्ही असतो. तरीही बाहेरून येणाऱ्याने इथे जागा घ्यावी का असे विचाराल तर मी नाही म्हणेन, आणि त्याचे कारण पाणी आहे.

आमच्या पट्टीखाली खडक नाही, वाळू आहे. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. शास्त्राचा ठोकताळा असा आहे की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ असा की वरची पातळी थोडीशी जरी उतरली तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकते. माझ्या सासूबाई कळशीने पाणी काढत, तेव्हा विहीर कधी बिघडत नसे. आता शेजारीपाजारी मिळून किती मोटारी आहेत ते रात्री आवाजावरून कळते. आणि पाण्याची सगळ्यात जास्त ओढ नेमकी मे महिन्यात असते, जेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि समुद्रात डुंबून आलेला प्रत्येक पाहुणा शॉवरखाली वाळू धूत उभा असतो.

विहीर मचूळ होऊ लागली की आधी जिभेला कळत नाही. डाळ शिजायला वेळ लागतो, चहा अधूनमधून फाटतो, अबोलीच्या पानांची टोके करपतात, साबणाला फेस येत नाही. मग एके दिवशी पाहुणा विचारतो की पाण्यात मीठ घातले आहे का. मोठी मोटार लावून एकदम टाकी भरण्यापेक्षा लहान मोटार थोडा थोडा वेळ चालवावी, विहीर आणखी खोल करू नये आणि शौचखड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब ठेवावा. मी हे तिन्ही पाळते, पण शेजारच्याने पाळले नाही तर माझ्या पाळण्याला अर्थ राहत नाही, कारण खाली पाणी एकच आहे.

उत्पन्नाविषयी. सीझन म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत, मग दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि अधूनमधून लागून आलेल्या सुट्ट्या. खोल्या भरलेल्या राहतील असे दिवस सगळे मिळून तीन महिन्यांच्या वर धरू नयेत. त्या दिवसांत चादरी, टँकर, गॅस आणि मदतीची बाई यांचा खर्चही वाढतो, आणि मासळीच्या लिलावात हॉटेलवाले उतरल्यामुळे सुरमई-पापलेट तुमच्या घरच्या ताटातून जाते. आम्ही मे महिन्यात पेडवे आणि तारले खातो. पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी अवश्य करा. पण दोन खोल्यांवर तुमचे घर चालेल असे मला वाटत नाही. शिवाय घरात वयस्कर माणूस आहे. वरच्या खोलीतले लोक रात्री दीड वाजता किनाऱ्यावरून परततात आणि सकाळी सहाला डॉल्फिन पाहायला निघतात, त्यांच्या वेळेत सासूबाईंची झोप कशी बसवणार, हा विचार आधी करा.

तळजाई

तिघांचेही मनापासून आभार. पाण्याचा हा हिशेब आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. दलालाने ‘विहिरीला बारमाही पाणी’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते असे आता दिसते, ते कसले पाणी हे मात्र आम्ही विचारले नाही. देवबागमधला एक तयार बंगला आम्हाला आवडला आहे, स्लॅबचा आहे, फार जुना नाही आणि किंमत आवाक्यात वाटते. अशा घरात बांधकामाच्या दृष्टीने काय पाहावे? आणि आतल्या गावांत गेल्यास पाण्याची स्थिती खरोखर बरी असते का?

मांगरातला

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बरी असते, सुखाची नसते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा चाळणीसारखा असल्यामुळे तो थांबत नाही, आणि सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळी माळावरच्या, वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात. मळ्याच्या कडेला असलेल्या विहिरी बहुधा टिकतात. धामापूरच्या तलावासारखा जुना जलसाठा जवळ असेल तर आजूबाजूची विहीर आणखी भरवशाची. कोणतीही विहीर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाहावी. दिवाळीत पाहिलेल्या विहिरीवरून काहीच कळत नाही.

स्लॅबच्या घराबद्दल सावध राहा. किनाऱ्यालगत काही ठिकाणी खाडीची किंवा पुळणीची वाळू न धुता काँक्रीटमध्ये वापरली गेली आहे. त्या वाळूतले मीठ आतल्या सळ्यांना गंज आणते, गंजलेली सळी फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. ताजा रंग काढलेल्या घरात हे दिसत नाही. छताच्या कडा, सज्जाचा खालचा भाग आणि बाथरूमचे छत यांवर लाकडी दांड्याने ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे आतून सुरुवात झालेली असते. तांबूस रेघ दिसली तर ती सळीच्या ओळीतच जाते आहे का ते पाहा. जांभ्याच्या चिऱ्याचे कौलारू घर जुने असले तरी दुरुस्त होते, दर वर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे छपराची कौले नीट लावणे, केली की झाले, आणि शाकारणी करणारा माणूस मिळणे कठीण झाले आहे हे खरे असले तरी तो मिळतो. फुगलेल्या स्लॅबचा इलाज फार महाग पडतो.

परतलेला

आम्ही तारकर्लीत राहून पुन्हा पुण्यात आलो. तक्रार कोणाविरुद्ध नाही. माझे काम दिवसभर इंटरनेटवर चालणारे होते आणि पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसे. इन्व्हर्टर काही तास साथ देतो, मग मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मालवण-देवगड भागातल्या अनेक वाड्या कितीतरी दिवस अंधारात होत्या. भाषांतराचे काम वेळेत द्यायचे असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी आणि सौर पॅनेल यांचा खर्च घराच्या किमतीतच धरा.

खाऱ्या हवेने काय होते त्याचीही कल्पना असावी. बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, फ्रिजची मागची जाळी, एसीचे बाहेरचे यंत्र, स्कूटरचा सायलेन्सर, सगळे एक-दोन वर्षांत गंजते. बिजागऱ्या पितळी आणि गज लाकडी घ्यावेत. जुन्या घरांत ते तसेच असत.

रापणीचा_दोर

धागा वाचून एक विचारावेसे वाटते. पाणी, वीज, डॉक्टर, कागद, सगळ्याची चौकशी झाली; तुम्ही आल्यामुळे गावाचे काय होते याची झाली नाही. माझे घर पिढ्यान् पिढ्या रापणीचे आहे. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. होडीतून जाळे समुद्रात सोडून दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगांनी ओढत जवळ यायचे, अशी ती पद्धत आहे, आणि मिळालेल्या मासळीचा वाटा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. आता पुळणीवर खाटा, छत्र्या आणि दिव्यांच्या माळा आहेत. किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाणंदी गडगे घालून बंद झाल्या आहेत, कारण शहरातून आलेल्या मालकाला अंगणातून कोणी गेलेले चालत नाही. जमिनीचा भाव असा चढला आहे की इथल्या तरुणाला वेगळे घर बांधायचे झाले तर वडिलांच्या जागेखेरीज कोठेही परवडत नाही.

जमीन विकणारे आमचेच लोक आहेत, हे मला माहीत आहे. बंदी घाला असे मी म्हणत नाही. पण घर घेतलेत तर वाट बंद करू नका.

संगमावरची

तुझे म्हणणे बरोबर आहे, पण खाटा-छत्र्या मांडणाऱ्यांत बाहेरचे किती आणि आपले किती, हेही मोज. माझ्या अंगणातून आजही पाणंद जाते आणि पाहुण्यांना ती सार्वजनिक आहे हे मी आल्या दिवशीच सांगते.

बंद_दवाखाना

मी निवृत्त डॉक्टर असून याच तालुक्यात व्यवसाय केला आहे. सासूबाईंविषयी लिहितो.

रोजच्या तपासण्या, औषधे आणि साधे आजार यांसाठी मालवणात अडत नाही. तेथे ग्रामीण रुग्णालय आहे आणि खासगी डॉक्टरही आहेत. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, २०२१ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले, आणि पडव्याला खासगी महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. त्यापलीकडची गुंतागुंत झाली की आजही रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. ते अंतर मालवणहून शंभर किलोमीटरांहून अधिक आहे आणि २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क पडते. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो, म्हणून घर निवडताना समुद्राच्या अंतराआधी ओरोसचे अंतर मोजावे. कट्टा किंवा चौके इथून ते देवबागपेक्षा बरेच कमी पडते, आणि देवबागचा एकच अरुंद रस्ता मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो, हा भाग निराळाच.

त्या इन्सुलिन घेत असतील तर वीज जाण्याची सोय आधी करावी. वापरात असलेली कुपी पंचवीस ते तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते, साठ्याच्या कुप्या मात्र फ्रिजमध्येच हव्यात. माठाच्या ओलाव्यात कुपी ठेवण्याचा देशावरचा उपाय इथे पावसाळ्यात फारसा चालत नाही, कारण हवाच इतकी ओली असते की माठाचे पाणी उडत नाही आणि थंडावा येत नाही. लहानसा फ्रिज सौर बॅटरीवर ठेवणे हा खरा उपाय आहे. मधुमेहात पायाच्या जखमा कळत नाहीत, त्यामुळे पुळणीवर अनवाणी चालण्याची हौस त्यांना करू देऊ नये, शिंपल्याची कड पुरेशी असते. कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसे हा विषारी साप असतो, तो लहान दिसतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. रात्री खळ्यात जाताना विजेरी आणि पायात बूट असावेत. भाताच्या मळ्यात उतरणार असाल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाविषयी आरोग्य केंद्रात विचारून घ्या. पावसाळ्यात आणि नंतरही इथे ताप अंगावर काढू नये.

तळजाई

सर्वांचे लेखन घरी तिघांनी बसून वाचले. रापणीचा_दोर यांना एवढेच सांगते की पाणंदीचा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नव्हता. खरेदीखतात वहिवाटीची वाट स्पष्ट लिहून घेता येते का, हे आम्ही वकिलांना विचारू, आणि ती वाट मोकळी ठेवण्यासाठी लिहून घेऊ.

देवबागच्या बंगल्याचा विचार सोडला आहे. खोल्यांचे उत्पन्न आता हिशेबात धरलेले नाही. माझे काम आणि यजमानांची बचत यांवर भागते का, ते पाहून मगच पुढे जाऊ. सासूबाईंनी मात्र एक अट घातली आहे की समुद्र रोज नाही तरी आठवड्यातून एकदा दिसला पाहिजे, कारण त्यासाठीच त्या पुणे सोडायला तयार झाल्या आहेत. त्यामुळे चौके, कट्टा किंवा आचऱ्याच्या बाजूला आधी भाड्याने घर घेऊन पावसाळा काढावा आणि विहिरी पुढच्या मे महिन्यात पाहाव्यात असे ठरते आहे. वर्षभरासाठी भाड्याने घर मिळते का, आणि करार करताना काही वेगळे पाहावे लागते का?

मांगरातला

आतल्या गावांत घरे रिकामी पुष्कळ आहेत, भाड्याने मिळणारी कमी, कारण मालक गणपतीला आणि मे महिन्यात येतो आणि त्याला त्या वेळी घर हवे असते. मुंबईच्या मालकाशी बोलताना ‘गणपतीत एक खोली आणि स्वयंपाकघर तुमचे’ असे आपणहून म्हटलेत तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. भाडे फार नसते, घर उघडे राहते आणि वाळवी लागत नाही यातच मालकाचा फायदा असतो. शाकारणी कोणी करायची, विहिरीची मोटार बिघडली तर खर्च कोणाचा आणि परसातल्या नारळ-फणसावर हक्क कोणाचा, हे तीन मुद्दे तोंडी ठेवू नका.

संगमावरची

आणि किनाऱ्याजवळ घर घेणार असाल तर करार अकरा महिन्यांचा आहे एवढे पाहून सही करू नका, तो कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते पाहा. जूनमध्ये सुरू झालेला करार एप्रिलच्या अखेरीस संपतो, म्हणजे ऐन सीझनला घर मालकाच्या हाती परत जाते. इकडे बरेच मालक मुद्दाम तसाच करार करतात. तुम्हाला मे महिन्यात विहिरी पाहायच्या आहेत, तेव्हा करार ऑगस्टपासून करा किंवा मे महिन्याचे भाडे काय असेल ते आत्ताच लिहून घ्या. चौक्यात माझ्या माहेरचे एक घर रिकामे आहे, मालकाला विचारून व्यक्तिगत निरोपात कळवते.